खाणीनंतरचं रान



या स्मृतिव्याख्यानमालेत आजवर संतसाहित्यावर, इतिहासावर, शिक्षणावर भाषणं झाली. यंदा आयोजकांनी झाडांवर बोलायला सांगितलं, आणि तेही खाणीच्या जमिनीवरच्या झाडांवर. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात या विषयावर बोलायचं तर समोर बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी खाणीचा पगार आलेला असतो आणि कित्येकांच्या शेतात खाणीची माती आलेली असते. पुष्कळ घरांत दोन्ही आलेलं असतं. म्हणून खाण हवी की नको, या वादात मी आज शिरणार नाही. त्या वादाला दुसरी व्यासपीठं आहेत. मला बोलायचं आहे ते खणून झालेल्या जमिनीबद्दल.

म्हणणं एका वाक्यात आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा तासभर तुम्हाला ते तपासून पाहता येईल. खाण संपल्यावर तिथे कुठलं रान येणार, हे खाण संपताना ठरत नाही. ज्या दिवशी पहिला डोझर वरची वीतभर माती ढकलतो, त्या दिवशी ते ठरून जातं. नंतर आपण जे करतो ती बहुतांशी भरपाई असते. कधी चांगली, कधी अगदीच वरवरची.

गोव्यातली लोहखनिजाची निर्यात पोर्तुगीज अमदानीत, दुसऱ्या महायुद्धानंतर वाढीला लागली. पुढे कित्येक वर्षं जपान हे मोठं गिऱ्हाईक होतं. या शतकाच्या पहिल्या दशकात चीनची मागणी आली आणि सगळा वेगच बदलला. २०१०-११ या एका वर्षात गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं. आता यातला हिशेब ध्यानात घ्या. इथल्या खाणींत एक टन खनिज मिळवायला साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावा लागतो. तो जातो कुठे? खाणीच्या आसपासच, एकावर एक, डंप म्हणून. पाळी, सुर्ला, वेळगे, पिसुर्ले, मुळगाव, शिरगाव. तिकडे दक्षिण गोव्यात कोडली, कावरे, रिवण. या गावांतल्या आजच्या तिशीतल्या माणसाने आपल्या गावाची मूळ टेकडी पाहिलेलीच नाही. त्याने पाहिलाय तो डंप.

डंपावरची माती लाल असते, म्हणून ती आपल्या भाटातल्या मातीसारखीच असेल असं वाटतं. तशी ती नसते. ती खालून, कधी शंभर फुटांवरून वर आलेली असते. तिने कधी सूर्य पाहिलेला नसतो, तिच्यात कधी मूळ शिरलेलं नसतं. सेंद्रिय अंश नावालाही नाही. नायट्रोजन जवळजवळ नाही. फॉस्फरस थोडाफार असला तरी लोह आणि अ‍ॅल्युमिनियम त्याला असं धरून ठेवतात की झाडाच्या हाती काही लागत नाही. चिकणमातीचा थर असेल तर पावसात लोण्यासारखा घसरतो आणि उन्हाळ्यात कडक होतो. त्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. जूनमध्ये उतारावर बोटभर रुंदीची चर पडते. ऑगस्टपर्यंत तिची घळ होते, आणि ती माती ओहोळातून खालच्या मळ्यात, कुळागरात, शेवटी मांडवीत जाते.

याउलट किंदळीखालची माती पाहा. मे महिन्यात, पहिला पाऊस पडायच्या आधी, सत्तरीतल्या एखाद्या देवराईच्या कडेला बसून हाताने पाला बाजूला करावा. कुदळ नको, हातच. वरची पानं सुकी, अख्खी असतात. त्याखालची तपकिरी, शिरा उरलेली. त्याखाली पान आणि माती यांत फरक करता येत नाही असा काळपट भुगा, आणि त्यातून सगळीकडे गेलेले बुरशीचे पांढरे, केसाहून बारीक धागे. कुड्याचं एखादं बी, त्याला अजून रेशमी केसांचा झुबका. करवंदाची चपटी बी, बुलबुलाच्या पोटातून आलेली. किंदळीची पंखवाली फळं. मुंग्यांनी ओढून आणलेलं काहीतरी. हे सगळं वरच्या चार-सहा बोटांत. त्याखाली गेलात की बी जवळपास मिळत नाही, जिवंत बुरशी कमी होते, मुळंही विरळ होतात. रान वर दिसतं, पण त्याची पुढची पिढी या चार-सहा बोटांत पडून असते. आणि खाण सुरू होते तेव्हा नेमकी हीच चार-सहा बोटं सर्वांत आधी खरवडली जातात. ती खालच्या मुरमात मिसळली की संपलं. पुन्हा वेगळी काढता येत नाहीत.

आता आपल्याकडे काय झालं ते पाहू. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत डंपांवर झाडं लावायला सुरुवात झाली, आणि जिकडेतिकडे एकच झाड लागलं, ऑस्ट्रेलियन अकेशिया. त्याला दोष देताना न्याय सोडू नये. उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचं हे झाड नापीक, आम्ल जमिनीत जगतं, हवेतला नायट्रोजन मुळांच्या गाठींत धरतं, भराभर वाढतं, गुरं त्याला तोंड लावत नाहीत. कोसळणारा उतार त्याने काही ठिकाणी खरोखर धरून ठेवला. पण त्याचं जे पान आपल्याला दिसतं ते मुळात पान नव्हे, चपटा झालेला देठ. चामड्यासारखा, लवकर न कुजणारा. वर्षानुवर्षं त्याचा थर साचतो, खाली गवतसुद्धा नीट उगवत नाही, आणि मार्च-एप्रिलात एक काडी पडली की वणवा. शिवाय त्याच्या बियांना नारिंगी शेपूट असते, पक्षी ती खातात, आणि अकेशिया डंप सोडून शेजारच्या सड्यावर उगवायला लागतो. लांबून डोंगर हिरवा दिसतो. सरकारी तपासणीत हिरवा डोंगर म्हणजे काम झालं. लावलेल्या रोपांपैकी किती जगली, एवढाच प्रश्न विचारला गेला, आणि अकेशिया जगतोच.

माझ्या मते प्रश्न दुसरा विचारायला हवा होता. आपण न लावलेली किती जातींची झाडं तिथे आपोआप उगवली? दहा वर्षांनी त्या डंपावर एक पिटकोळी, एक कुडा, एक कुंभा जर पाहुण्यासारखा येऊन राहिला असेल, तर जमीन परत जिवंत होते आहे. नसेल तर आपण झाडांची रांग उभी केली आहे, एवढंच.

अकेशिया ऑस्ट्रेलियाचा, आणि या विषयात शिकण्यासारखं एक काम झालं तेही ऑस्ट्रेलियातच, पण दुसऱ्या टोकाला. पर्थ शहराच्या जवळ डार्लिंग रेंज नावाची डोंगररांग आहे. तिथे जारा नावाच्या निलगिरीच्या जातीचं जंगल आहे आणि खाली बॉक्साइट. जमीन जांभ्याची, आपल्या ओळखीची. पाऊस मात्र तिथे हिवाळ्यात पडतो आणि आपल्याहून खूप कमी, हा फरक विसरू नये. १९६३ साली तिथे बॉक्साइट काढायला सुरुवात झाली. पहिली कित्येक वर्षं त्यांनीही आपल्यासारखंच केलं, बाहेरून आणलेली झाडं लावली. पाइन आणि ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागातल्या निलगिरी. कारणही होतं, मुळं कुजवणारा एक रोग जाराला मारत होता. पण त्या झाडांखाली जारावनातलं बाकी काही येईना. १९८८पासून त्यांनी ठरवलं की फक्त तिथल्याच जाती.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की जातींची यादी बदलून भागत नाही, माती हाताळायची पद्धत बदलावी लागते. खाणीसाठी जागा साफ केली की आधी वरचा पातळ थर वेगळा काढायचा. त्याखालचा थर पुन्हा वेगळा. दोन्ही एकमेकांत मिसळायचे नाहीत. वरचा थर ढीग करून ठेवायचा नाही. तो थेट त्याच हंगामात शेजारच्या, खणून झालेल्या आणि भरायला घेतलेल्या खड्ड्यावर नेऊन पसरायचा. आज उघडलेल्या जमिनीचं बी आज बंद होणाऱ्या जमिनीवर. यंत्रांनी दाबून टाकलेली जमीन त्याआधी मीटरभराहून खोल फाडून घ्यायची. मग वर स्थानिक बियाणं पेरायचं, आणि ज्या जातींचं बी रुजतच नाही त्यांची रोपं प्रयोगशाळेत तयार करून हाताने लावायची. २००१ सालापर्यंत अशा सव्वा वर्ष वयाच्या तुकड्यांवर शेजारच्या अखंड जंगलाएवढ्या वनस्पतींच्या जाती मोजल्या गेल्या. जातींची संख्या म्हणतो मी, जंगल नव्हे.

कारण तिथेही सगळं जमलं असं म्हणता येत नाही. झाडं फार दाट झाली, शेंगवर्गीय झुडपांनी काही ठिकाणी बाकीच्यांना दडपलं. आणि काळे काकाकुवे अजून जुन्या जंगलातच घरटी करतात, कारण त्यांना लागणारी ढोली शंभराहून जास्त वर्षं वाढलेल्या झाडालाच पडते. आपल्या धनेशाला विचारा. तोही ढोलीवालाच. नवीन लावलेल्या रानात त्याला फळ मिळेल, घर मिळणार नाही. म्हणून खाणीच्या शेजारचं जुनं झाड तोडताना, नंतर दहा रोपं लावून ते फिटेल, हा हिशेब मला कधी पटलेला नाही.

माती दाबली जाण्याचा मुद्दा अमेरिकेने महागात शिकला. तिथे १९७७ साली कोळशाच्या उघड्या खाणींसाठी केंद्रीय कायदा झाला. चांगल्या हेतूने झाला. डोंगर कोसळू नयेत, नद्या गढूळ होऊ नयेत म्हणून खाणवाल्यांनी जमीन सारखी करून, डोझर वरून पुन्हापुन्हा फिरवून घट्ट केली आणि त्यावर परदेशी गवत पेरलं. अ‍ॅपलेशियन डोंगररांगांत हजारो एकर अशी गवताळ झाली आणि तिथलं मूळचं ओकचं, हिकरीचं जंगल परत येईना. रोपं लावली तर ती खुरटली. २००४ साली सरकारी अधिकारी, विद्यापीठं आणि खाणवाले एकत्र आले आणि त्यांनी उलट सांगायला सुरुवात केली: वरचा चार फुटांचा थर सैल ठेवा, कमीत कमी फेऱ्या मारा, गवत विरळ पेरा, मग झाडं लावा. जुन्या, घट्ट झालेल्या जमिनींवर त्यांनी पुन्हा डोझर नेले, फाडायला.

आपल्या डंपाच्या पायऱ्यांवर टिपर येऊन येऊन जमीन सिमेंटसारखी झालेली असते. त्यात दीड फुटाचा खड्डा खणून, दोन घमेली चांगली माती घालून रोप लावलं की ते पहिली दोन वर्षं छान दिसतं. खड्डा म्हणजे त्याची कुंडी. तिसऱ्या वर्षी मूळ भिंतीला लागतं, वळतं, खड्ड्यातच गोल फिरतं. पावसाळ्यात पाणी साचून ते कुजतं किंवा वाऱ्याने झाड सबंध उपटून पडतं. असं पडलेलं झाड मी उलटं करून पाहिलं आहे. मुळांची चकली झालेली असते, एकही मूळ सरळ खाली गेलेलं नसतं. एका खाणपट्ट्यावर असे कितीतरी मेलेले खड्डे पुढच्या वर्षी पुन्हा रोपं घालून नव्याने मोजले गेले होते. खड्डा तोच, नोंद नवी.

इथे एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. घट्ट जमीन सैल करण्याची ही दुरुस्ती करणारा माणूस वनस्पतिशास्त्रज्ञ नाही, तो रिपर, म्हणजे जमीन फाडणारा दात, लावलेला डोझर चालवणारा माणूस आहे. जमीन कुठे पोकळ आहे, कुठे दगड लागेल, उतारावर आडवा चर कुठून घेतला तर पाणी अडेल, हे त्याच्या हाताला कळतं. अशा हातांचं एक उदाहरण घ्या: जोधपूरला मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा उद्यान आहे. प्रदीप कृष्ण यांनी २००६ पासून तिथे खडकातला विलायती बाभूळ काढून मारवाडच्या मूळ वनस्पती आणल्या. बाभळीची मुळं खडकातून कोण काढणार? ते काम जमलं तिथल्या खंडवालियांना. पिढ्यानपिढ्या वालुकाश्म फोडणारे हे लोक. छिन्नी-हातोड्याने टकटक करून, आवाजावरून खडक कुठे फुटेल हे सांगणारे. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा किती यंत्रचालक घरी बसले, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. त्यांच्यातल्या काहींना तरी हे काम देता आलं असतं. अजूनही येईल.

खताचा विषय थोडक्यात. ब्रिटनमधल्या कॉर्नवॉलच्या चिनी मातीच्या खाणींवर अँथनी ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला होता: झाडोरा स्वतःच्या बळावर चालू राहायचा तर जमिनीत हेक्टरी साधारण हजार किलोच्या घरात नायट्रोजन साठावा लागतो. पोती ओतून हा साठा होत नाही, पावसात वाहून जातो. तो शेंगवर्गीय झाडांकरवीच साठवावा लागतो. पण त्यासाठी परदेशी झाडच हवं असं कुणी सांगितलं? करंज आहे, पांगारा आहे, किन्हई आहे, शिसवी आहे. शेजारच्या महाराष्ट्रात, नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, सावनेर तालुक्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या डंपांवर हे करून दाखवलं. डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखर कारखान्यातली प्रेसमड घातली, मुळांवर जगणारे जिवाणू आणि बुरशी दिली, आणि जिथे काही उगवत नव्हतं तिथे साग, शिसू, शिवण, बांबू उभा केला. कारखान्याचा टाकाऊ माल आणि खाणीचा टाकाऊ माल एकत्र आणून. गोवा विद्यापीठातही लोहखनिजाच्या डंपांवर टिकलेल्या झाडांच्या मुळांतल्या बुरशीचा अभ्यास झाला आहे. म्हणजे ज्ञान इथेच आहे. ते डंपापर्यंत पोचायला मात्र फार वेळ लागतो.

आता जुन्या डंपांचं काय करायचं? त्यांची वरची माती कधीच गेली. तिथे मी जे सांगतो ते प्रयोगातून आणि शेजारचं रान पाहून आलेलं आहे.

आधी झुडपं, मग झाडं. आपण नेहमी उलटं करतो, कारण उद्‌घाटनाच्या फलकावर झाडांची संख्या लिहायची असते. नवा खोदलेला रस्ता घाटात कुठेही पाहा. जांभ्याच्या उघड्या कापावर सगळ्यात आधी कोण येतं? धायटी. तांबड्या नळीसारख्या फुलांची, शिंजिरांची आवडती. तिला कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही. तिचं बी धुळीसारखं. ते खड्ड्यात पुरलं तर कधीच वर येणार नाही; ते राखेत किंवा वाळूत मिसळून, जमीन नुसती खरवडून, पहिल्या पावसाच्या तोंडावर वरच्या वर उधळायचं. तिच्यासोबत करवंद, तोरणं म्हणजे आपली चुन्नां, मुरुडशेंग, कुडा, पिटकोळी. करवंदाची जाळी झाली की तिच्यात गुरं शिरत नाहीत, आणि तिच्या आतल्या सावलीत पडलेलं किंदळीचं बी वाचतं. काटेरी तारेचं कुंपण जे काम करतं ते करवंद फुकट करतं, वर फळ देतं, आणि फळासाठी आलेला बुलबुल आणखी चार जातींचं बी टाकून जातो.

पक्ष्याला बसायला जागा हवी. त्यासाठी आपल्या आज्यांची युक्ती: पांगाऱ्याचे आणि मोईचे जाडजूड खुंट. कुंपणाला लावतो तसेच, मनगटाएवढे, पावसाच्या तोंडावर रोवायचे. पहिल्याच वर्षी फुटवे येतात, दुसऱ्या वर्षी पक्षी बसतो, आणि त्याखाली आपण न लावलेलं काहीतरी उगवायला लागतं.

झाडांचा नंबर त्यानंतर. किंदळ, माट्टी म्हणजे ऐन, शिवण, कुंभा, नाणा, काजरा, बिबा. ओलाव्याच्या जागी भिरंड आणि उंबर. यांचं बियाणं नर्सरीवाल्याकडे सहसा मिळत नाही. त्याच्याकडे गुलमोहर मिळतो. कुंभ्याचं, जांभळाचं बी साठवता येत नाही, आठवड्यांत मरतं. फळ पिकलं की लगेच पेरावं लागतं. म्हणून रोपवाटिका गावातच हवी, आणि बी शेजारच्या रानातलंच हवं. पंधरा-वीस किलोमीटरवरच्या किंदळीचं बी आणि मध्य भारतातून आलेलं बी यांत फरक असतो, पावसाच्या सवयीचा.

आहे तो अकेशिया एका दमात तोडू नका. उतार उघडा पडेल आणि एका पावसात सगळं खाली येईल. त्यात जागोजागी थोडं मोकळं करायचं, पाल्याचा थर ओढून बाजूला घ्यायचा, तिथे ऊन पोचेल एवढं उघडायचं आणि खाली आपली झाडं घालायची. ती डोक्याएवढी झाली की शेजारचे आणखी चार अकेशिया काढायचे. पंधरा-वीस वर्षांचं काम आहे हे. मात्र रानमोडी आणि घाणेरी त्या मोकळ्या जागा आधी गाठतात, त्यांना दर पावसाळ्यात उपटावंच लागतं. या खर्चाला कुठल्याही अंदाजपत्रकात रकाना नसतो.

आणि एक मर्यादा स्पष्टपणे सांगायला हवी. सडा परत येत नाही. सगळीकडे झाडंच लावायची असतात असं नाही. आपल्या जांभ्याच्या सड्यावर मुळात झाडं नसतात, आणि ते उणेपण नव्हे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे सीतेची आसवं, गेंद आणि कितीतरी बोटभर उंचीच्या वनस्पती उथळ पाण्यात, पातळशा मातीत फुलतात. त्यांतल्या काही जगात आणखी कुठे नाहीत. त्या जगतात त्या कातळाच्या अखंड पृष्ठभागामुळे. तो सुरुंगाने फुटला की कितीही चांगली माती आणा, कितीही बी उधळा, तो पुन्हा तयार व्हायचा नाही. म्हणून सड्यावर खाण मागणाऱ्याला ‘नंतर झाडं लावू’ असं म्हणू देऊ नये.

आपल्या डंपांना आणखी एक शाप आहे. त्यांत कमी प्रतीचं खनिज असतं. चीनच्या तेजीत जुने, झाडं आलेले डंप पुन्हा उकरले गेले, कारण पूर्वी टाकाऊ मानलेला माल विकाऊ झाला. आजही तो विचार थांबलेला नाही. कुठला डंप कायमचा आणि कुठला उचलला जाणार, हे आधी कागदावर ठरवा, मगच झाडं लावा. नाहीतर पोरांना हाताशी धरून वनमहोत्सव करायचा आणि दहा वर्षांनी त्याच झाडांवरून पोकलेन फिरवायचा, हे त्या पोरांशीही बरं नव्हे.

कायद्यात काय कमी आहे? खरं तर फार कमी नाही. वरची माती वेगळी काढावी, लगेच वापरता येत नसेल तर जपून साठवावी, हे खनिज संवर्धन आणि विकास नियमांत १९८८ सालापासून आहे. खाण बंद करण्याचा आराखडा २००३ पासून सक्तीचा आहे. गोव्याच्या प्रकरणात एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खनिजाच्या विक्रीतला १० टक्के वाटा पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितला. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने पट्ट्यांची नूतनीकरणं रद्द केली. जानेवारी २०२० मध्ये तर देशभरच्या पट्टेदारांसाठी असा आदेश दिला की खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत आणायचं, ती चारा, वनस्पती आणि प्राणी यांना योग्य अशी करायची, आणि खर्च पट्टेदाराचा. गवतापासून सुरुवात करायला सांगितली हे मला फार योग्य वाटलं.

डिसेंबर २०२२ मध्ये गोव्यातल्या पहिल्या चार खाणपट्ट्यांचा लिलाव झाला. डिचोली, शिरगाव, मये ही नावं त्यांत आहेत. चौथा पट्टा काले इथला. म्हणजे माझं सुरुवातीचं म्हणणं पुन्हा लागू होण्याची वेळ आली आहे. जिथे जुनीच खाण पुढे चालणार तिथे वरची माती फारशी उरलेली नाही. पण पट्ट्याच्या कडांना, अजून न खणलेल्या तुकड्यांवर, ती आहे. जनसुनावणीला जाल तेव्हा ध्वनी आणि धूळ यांवर बोलाच, पण हेही विचारा: या तुकड्यावरची वरची माती कुठल्या महिन्यात काढणार? किती जाडीची? कुठे पसरणार, आणि ती जागा तयार आहे का? साठवायचीच असेल तर ढिगाची उंची किती? पुरुषभर उंचीपेक्षा जास्त रचली की आतली हवा संपते, गांडुळं, बुरशी, बी सगळं मरतं. ढिगावर ताग पेरणार का? सहा महिन्यांत वापरणार का? याची वही पंचायतीला पाहायला मिळेल का? हे प्रश्न अवघड नाहीत. पण माझ्या पाहण्यात ते कुणी विचारत नाही, आणि विचारले नाहीत म्हणून त्यांची उत्तरं तयार करायची कुणाला गरज वाटत नाही.

गावाने स्वतः करायचं तर बियाण्यापासून करावं. शिवणीची फळं एप्रिल-मेमध्ये पिवळी होऊन पडतात. करवंद मेमध्ये. कुंभा जूनमध्ये, पाऊस लागता लागता. कुड्याच्या शेंगा फेब्रुवारीच्या सुमाराला फुटायच्या आत काढाव्या लागतात, नाहीतर बी वाऱ्याबरोबर जातं. धायटीची बोंडं एप्रिलात. किंदळीचं बी खूप मिळतं पण त्यातलं बरंचसं पोकळ असतं, म्हणून दुप्पट-तिप्पट गोळा करावं. शाळेतल्या मुलांना हे सगळं एका वर्षात शिकवता येतं. शिक्षकांनी मनावर घेतलं तर रोपवाटिकेला पाण्याची एक टाकी आणि सावलीची एक जाळी, याहून जास्त काही लागत नाही.

प्रश्नोत्तरांसाठी आयोजकांनी अर्धा तास राखून ठेवला आहे. सभागृहात खाणीवर वर्षानुवर्षं डोझर आणि पोकलेन चालवलेली मंडळी बसली आहेत. डंपाच्या पायरीवर रिपर किती खोल आणि कुठल्या दिशेने घालावा, पावसाआधी की पावसानंतर, यावर मला त्यांच्याकडून ऐकायचं आहे. आधी त्यांनी बोलावं.